आधी आपल्या दुकानापुरतं

लंडनच्या कॅडबी हॉलमध्ये जे. लायन्स अँड कंपनीचं मुख्यालय होतं. पाव, केक, चहा आणि शहराशहरांतली चहाची दुकानं हा तिचा धंदा. एका कपामागे सुटणारा नफा इतका बारीक की हिशेब सैल ठेवला तर नफा शिल्लकच राहू नये. म्हणून या कंपनीत कारकुनांची फौज होती आणि त्यांच्या कामावर बारकाईने विचार करणारी माणसंही होती. १९४७ साली टी. आर. थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड या दोन अधिकाऱ्यांना कंपनीने अमेरिकेत धाडलं. तिथल्या कचेऱ्यांत काय नवीन चाललं आहे ते पाहून या, एवढंच काम. परतले ते वेगळीच कल्पना घेऊन. गणितज्ञांसाठी बनत असलेली इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रं आपल्या पावाच्या हिशेबालाही चालतील, आणि असं एक यंत्र आपल्याच देशात, केंब्रिजला, मॉरिस विल्क्स बांधत आहेत.

लायन्सने केंब्रिजला पैसे आणि मदतीला आपला एक माणूस दिला. ते यंत्र १९४९ मध्ये चालू झालं, तेव्हा त्याच आराखड्यावरून स्वतःचं यंत्र बांधायला घेतलं. त्याचं नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीतल्या मालाचं मूल्यांकन दर आठवड्याला त्यावर निघू लागलं. संगणकाने धंद्याचं नित्याचं काम अंगावर घेतल्याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून हे ओळखलं जातं. पगारपत्रकाचं काम पुढे आलं. एका माणसाचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटं लागत. लिओला दीड सेकंद पुरे.

या हकिकतीत मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो तो डेव्हिड कॅमिनर यांच्यापाशी. ते १९३६ मध्ये उमेदवार म्हणून लायन्समध्ये आले, कचेरीतल्या कामाच्या पद्धती तपासणाऱ्या विभागात घडले आणि पुढे लिओवरच्या प्रोग्रॅमिंगचे प्रमुख झाले. कोणता कागद कुठून निघतो, कोणाच्या टेबलावर अडकतो आणि का अडकतो, हे त्यांना यंत्राची ओळख होण्याआधीच ठाऊक होतं. चहाच्या दुकानांच्या मागणीचं काम पाहा. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेने रोज उद्याच्या मालाची यादी द्यायची असे. रोज अख्खी यादी कशाला? दुकानाची ठरलेली मागणी यंत्रापाशी नोंदवून ठेवली. दुपारी फोनवर व्यवस्थापिकेने फक्त बदल सांगायचा आणि कानाला हेडफोन लावलेल्या मुलीने तो तिथल्या तिथे कार्डावर टोचायचा. सगळी हुशारी ‘फक्त बदल सांगा’ या तीन शब्दांत आहे. ती सुचायला दुकान माहीत असावं लागतं.

१९५४ साली लायन्सने लिओ कॉम्प्युटर्स ही वेगळी कंपनी काढली. पाव विकणारे लोक संगणक विकू लागले. स्वतःच्या गरजेपोटी घडवलेलं अवजार पुढे विकायला निघतं, ही वाट तेव्हापासून मळली आहे, आणि आपल्याकडचे दोन मोठे प्रवास याच वाटेवरचे आहेत.

पहिला टॅलीचा. श्यामसुंदर गोयंका कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या धंद्याचा हिशेब नीट ठेवील असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोयंकांना, त्यांनी ते लिहायला सांगितलं. १९८६ मध्ये बंगळूरला पिउट्रॉनिक्स ही कंपनी उभी राहिली. १९९९ मध्ये तिचं नाव टॅली सोल्यूशन्स झालं. त्या काळच्या बहुतेक प्रणालींत प्रत्येक खात्याला सांकेतिक आकडा असे आणि तो लक्षात ठेवावा लागे. टॅलीने तो काढून टाकला. कीर्द-खतावणीत मुनीम जसं पार्टीचं नाव लिहितो तसंच इथेही लिहायचं. भारतातल्या बाजारपेठेने संगणकाला घरात घेतलं त्यात या एका निर्णयाचा वाटा फार मोठा आहे असं मला वाटतं. ज्या मुनिमाने आयुष्यभर ‘शहा ब्रदर्स, सोलापूर’ असं लिहिलं, त्याला ४०७१ हा आकडा म्हणजे परक्याचं घर. वडील दुकानदार आणि मुलगा गणिती, दोघे एकाच घरात, म्हणून हे परकेपण वेळीच दिसलं असावं. भरत गोयंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरा प्रवास मुंबईचा. रुषभ मेहता शिक्षणाने इंडस्ट्रियल इंजिनीअर. घरचा धंदा फर्निचरचा. त्या धंद्यात ईआरपी बसवायचा प्रयत्न झाला आणि फसला. ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एका सूत्रात बांधणारी प्रणाली. ती बसवताना फसणं ही आपल्या कारखानदारीतली इतकी नेहमीची गोष्ट आहे की लोक खर्च पचवून पुन्हा रजिस्टराकडे वळतात. मेहता वळले नाहीत. ते स्वतः प्रोग्रॅमिंग शिकले आणि घरच्या धंद्यासाठी प्रणाली लिहू लागले. २००८ मध्ये त्यातून वेब नोट्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली, तीच आजची फ्रॅपे. आणि ती प्रणाली म्हणजे ईआरपीनेक्स्ट. तिचा कोड सर्वांना खुला आहे. कोणीही घ्यावा, आपल्या यंत्रावर बसवावा, बदलावा.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक कागदाला, म्हणजे चलन, बिल, खरेदीची ऑर्डर यांना, ‘डॉकटाइप’ नावाचा साचा असतो. साच्यात कोणते रकाने आहेत ही माहितीसुद्धा डेटाबेसमध्येच नोंदलेली असते. त्यामुळे एखाद्या कारखान्याला एक रकाना जास्त हवा असेल तर मूळ कोडला हात न लावता तो वाढवता येतो. फर्निचरवाल्याचे रकाने आणि औषधवाल्याचे रकाने कधीच सारखे नसणार, हे जणू गृहीत धरूनच ही मांडणी केलेली आहे.

रकाना ही गोष्ट मी इतकी का धरून बसलो आहे ते सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये मी काही दिवस नुसता बसून होतो. फौंड्रीकडून कास्टिंग येतं, इथे त्यावर मशिनिंग होतं, तयार माल परत जातो. माल ज्या कागदावर येतो त्याला तिथले लोक अजून ‘सत्तावन्न एफ फोर’ म्हणतात. अबकारीचा तो नियम केव्हाच गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, पण नाव जिभेवर राहिलं. जीएसटीतही जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे. नाहीतर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरून कर लागतो. म्हणजे प्रत्येक चलनातले किती नग आले, किती गेले, किती शिल्लक, हे सतत डोळ्यांसमोर हवं.

या शॉपने एक तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. त्यात आलेले नग, गेलेले नग आणि ‘रिजेक्शन’ असा एक रकाना होता. एकच. शॉपमध्ये रिजेक्शन दोन असतात. टूल लागल्यावर आत पोकळी निघाली, ब्लो होल निघाला, तर तो सीआर, कास्टिंग रिजेक्शन, नुकसान फौंड्रीचं. माप चुकलं तर एमआर, मशिनिंग रिजेक्शन. मग कास्टिंगची किंमत शॉपच्या बिलातून कापली जाते. भांडणं होतात ती नेमकी या दोहोंच्या सीमेवर. सॉफ्टवेअरला ती सीमाच माहीत नव्हती. विकणाऱ्याला फोन केला की ‘पुढच्या व्हर्जनमध्ये’ असं उत्तर. शेवटी स्टोअरमधल्या माणसाने पुन्हा वही काढली.

मालकांचा मुलगा डिप्लोमा करून आला होता. त्याने आधी एक्सेलमध्ये, मग रात्री शिकत शिकत एका छोट्या प्रोग्रॅममध्ये ते काम बसवलं. त्याच्या पडद्यावर सीआर आणि एमआर वेगळे, आणि एमआर नोंदवताना कोणतं मशीन, कोणती पाळी हे विचारलं जाई. पहिल्याच महिन्यात दिसलं की एमआर बहुतेक एका जुन्या लेथवर आणि पाळी बदलताना होतात. स्टोअरमधले काका आपल्या टेबलावरून ओरडून सांगत, “अरे, इथं चलनाचा नंबर आधी पाहिजे, तारीख नंतर.” संध्याकाळपर्यंत ती दुरुस्ती झालेली असे. वापरणारा आणि बनवणारा यांच्यात पंधरा पावलांचं अंतर! एवढं सुख मोठ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला कुठल्याही करारात मिळत नाही.

पण या सुखाच्या पोटात मोठा धोका आहे आणि तो लपवून या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या साखर कारखान्यांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत घरच्या माणसांनी फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालीत कितीतरी प्रोग्रॅम लिहिले. उसाच्या नोंदीपासून तोडणीच्या पाळीपर्यंत, वजनकाट्यापासून बिलातल्या सोसायटीच्या कपातीपर्यंत आणि तोडणी मुकादमाच्या उचलीपर्यंत सगळं त्यात असे. इतकं इथल्या मातीचं सॉफ्टवेअर बाहेरचा कोणी देऊच शकला नसता. मग मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणं थांबवलं आणि २०१५ मध्ये आधारही संपला. लिहिणारा माणूस निवृत्त झाला किंवा पुण्याला निघून गेला. कोड होता, पण तो वाचणारं डोकं नव्हतं. अमुक कपात अमुक महिन्यातच का होते, याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने रोज अर्धा तास ‘असं का केलं’ हे साध्या मराठीत लिहून ठेवलं पाहिजे, हे मी भेटेल त्या प्रत्येक तरुणाला सांगतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने दुपारभरात चालता प्रोग्रॅम तयार होतो, तेव्हा तर हे दुप्पट खरं आहे. न लिहिता मिळालेला कोड घरात असूनही परक्याचाच असतो.

मोठी माणसं हा धोका कसा सांभाळतात? झीरोधा ही बंगळूरची शेअरदलाली कंपनी स्वतःची साधनं लहानशा चमूकडून घरातच बनवून घेते, आणि त्यांतली काही खुली करते. ग्राहकांना मोठ्या संख्येने ईमेल पाठवण्यासाठी कैलाश नाध यांनी लिहिलेलं लिस्टमंक आज जगभर कोणीही वापरू शकतो. उघड्यावर ठेवलेला कोड चार परके लोक वाचतात, म्हणून तो नीट लिहावा लागतो. श्रीधर वेंबूंच्या झोहोची तऱ्हा वेगळी. १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट म्हणून सुरू झालेली ही कंपनी स्वतःचा कारभार स्वतःच्याच सॉफ्टवेअरवर चालवते, बाहेरचा गुंतवणूकदार घेत नाही आणि तेनकासीसारख्या गावाकडच्या भागात माणसं घडवते. ज्ञान एका डोक्यात अडकू नये याची ही दीर्घ पल्ल्याची व्यवस्था आहे. ती मला खुल्या कोडइतकीच मोलाची वाटते.

आणि विकायला निघणं हे तर आणखी वेगळं काम. शिकागोच्या थर्टीसेव्हन सिग्नल्सने स्वतःच्या प्रकल्पांसाठी बनवलेलं बेसकॅम्प २००४ मध्ये बाजारात आणलं. त्याच्या पोटातला सर्वसामान्य भाग डेव्हिड हॅन्सन यांनी वेगळा काढला, तो रुबी ऑन रेल्स, वेबवरचे प्रोग्रॅम बांधायचा तयार सांगाडा. आपल्या दुकानाचं काय आणि सगळ्यांचं काय, हे वेगळं करणं म्हणजे गव्हातून खडे निवडण्याइतकं सावकाश काम.

शिरोलीच्या त्या मुलाकडे शेजारच्या शॉपवाल्याने तो प्रोग्रॅम मागितला. पैसे देतो म्हणाला. मुलाने घाई केली नाही. शेजाऱ्याकडे पंपाच्या बॉडी होत होत्या, आणि तिथे नगांआधी हीट नंबर, म्हणजे धातूच्या एका ओतीचा क्रमांक, नोंदवत. एकाच चलनात दोन हीटचा माल यायचा. मुलगा दोन दिवस त्यांच्या इनवर्डच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसला. लॅपटॉप त्याने घरीच ठेवला होता. हातात शंभर पानी वही होती, आणि तिसऱ्या पानावर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं: ‘यांच्याकडे रिजेक्शन तीन.’