चारशे आठ किलोंचं कोडं

लिफ्टमध्ये शिरलं की नजरेला जायला जागा उरत नाही, म्हणून ती पाटीवर जाते. ‘६ व्यक्ती, ४०८ किलो.’ चारशे का नाही? सहाने भागलं तर माणशी ६८ किलो येतात. आता या ६८ किलोंचे पौंड करून पाहा. दीडशे येतात; एका पौंडाच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडत नाही. म्हणजे सहा माणसांचे ९०० पौंड. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. पौंड बाजारातून गेला, पण दीडशे पौंडांचा माणूस लिफ्टच्या पाटीवर तसाच उभा राहिला. जुन्या पाटीवर थेट ९०० पौंड लिहिलेलं दिसलं, तर ती पाटी मेट्रिकच्या आधीची किंवा फार तर त्या सांध्यावरची समजायची.

जुन्या लिफ्टचं वय काढण्याचा मला छंद आहे, आणि त्याची सुरुवात या आकड्यापासून झाली. मुंबईत फोर्ट, ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह या भागात त्याला भरपूर खाद्य मिळतं. तिथल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लोक रस्त्यावर उभं राहून गोलाई घेतलेल्या बाल्कन्यांचे फोटो काढतात. आतल्या लिफ्टचा फोटो फारसं कुणी काढत नाही याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण इमारत पुढं शंभर वर्षं टिकेल, लिफ्ट मात्र सोसायटीच्या पुढच्याच सभेत निकालात निघू शकते.

वय काढण्याची रीत उत्खनन करणाऱ्यांच्या रीतीसारखीच आहे. मातीच्या एखाद्या थरात नाणं सापडलं, तर तो थर त्या नाण्याच्या आधीचा असूच शकत नाही. लिफ्टमध्येही अशी नाणी विखुरलेली असतात. बटण बेकलाइटचं असेल तर ते १९०९च्या आधीचं नाही, कारण बेकलाइट जगासमोर आलं तेच त्या साली. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू, ज्याला मेकॅनिक ‘स्टार’ म्हणतात, त्याचं अमेरिकन पेटंट १९३६चं. नावाच्या पट्टीवर ‘वेगुड-ओटिस’ असेल तर ती १९१४च्या पुढची, कारण लंडनची वेगुड कंपनी आणि ओटिस त्या वर्षी एकत्र आल्या. ओटिसची भारतीय कंपनी नोंदली गेली १९५३ साली. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची पट्टी. मजल्याचा आकडा लाल एलईडीत उजळत असेल तर १९६२च्या मागं जायची सोयच नाही.

इथं एक गोष्ट मी अनुभवानं शिकलो. नवी वस्तू दिसली की ‘याच्या आधीचं नाही’ हे ठामपणे म्हणता येतं. जुन्या वळणाची वस्तू दिसली म्हणून ‘याच्या नंतरचं नाही’ असं मात्र म्हणता येत नाही. खडखडणारा जाळीचा दरवाजा पाहून लोक सरळ ‘ब्रिटिशांच्या काळातली’ असं ठरवतात. असे दरवाजे स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं बसत होते. स्वस्त, दुरुस्तीला सोपे, आणि वीज गेली तर आतल्या माणसाला निदान वारा तरी लागतो.

ओव्हलजवळच्या एका इमारतीची गोष्ट सांगतो. दर्शनी भिंतीवर १९३८. लिफ्टला लाकडी पॅनेलची केबिन, लिफ्टमनसाठी घडीचं बाकडं, काळी गोल बटणं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “अहो, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही हीच लिफ्ट होती.” मी वहीत १९३८ लिहिलंही.

मग बटणांची पितळी पट्टी टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिली. पट्टीच्या खालच्या कडेशी लाकडावर पॉलिशचा रंग बदललेला होता आणि पट्टीबाहेर डोकावणारी एक अर्धगोल खूण होती, बशीच्या काठासारखी. तिच्या दोन बाजूंना लाकडाच्या भुशानं बुजवलेली दोन भोकं. एके काळी तिथं हँडल होतं. लिफ्टमन ते डावी-उजवीकडे फिरवून केबिन वर-खाली न्यायचा आणि मजल्याशी नजरेनं जुळवून थांबवायचा. बटणं नंतर आली. म्हणजे आजींची आठवण खरी होती, ‘हीच’ हा शब्द तेवढा तपासायला हवा होता.

सेक्रेटरींची परवानगी काढून मेकॅनिकबरोबर गच्चीवरच्या मशिन रूममध्ये गेलो. (मेकॅनिक सोबत नसेल तर मशिन रूमच्या दारातही उभं राहू नये, फिरती पुली कपड्याचं टोक सोडत नाही.) मोटरच्या पट्टीवर कारखान्याचा पत्ता पिनकोडसकट होता. म्हणजे मोटर १९७२ नंतरची. कंट्रोलर त्याहून नवा, पत्र्याच्या कपाटात. त्याच्या शेजारी भिंतीवर काळ्या पाटीच्या दगडाची एक उभी फरशी तशीच राहिली होती, जागोजागी भोकं पाडलेली, दोन-तीन तांब्याचे बोल्ट अजून अडकलेले. प्लास्टिकच्या जमान्याआधी विजेचे उघडे संपर्क बसवायला स्लेट किंवा संगमरवर वापरत, कारण असा दगड वीज वाहू देत नाही आणि ठिणगीनं पेटतही नाही. बोट फिरवलं तर भोकांच्या कडेला ठिणग्यांची काजळी हाताला लागली.

मोटरपलीकडची पुली मात्र जुनी होती. पुलीचं विज्ञान समजलं की लिफ्टच्या इतिहासाचा मोठा सांधा कळतो. सुरुवातीच्या अनेक लिफ्टमध्ये दोर ड्रमला बांधलेला असे आणि त्यावर गुंडाळला जाई, विहिरीच्या रहाटासारखा. इमारत जितकी उंच तितका ड्रम मोठा. शिवाय केबिन वर पोचूनही मोटर थांबली नाही, तर ड्रम तिला छतात खेचत राहणार. पुढं आली ती घर्षणावर चालणारी पुली: एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, आणि दोर पुलीवरून नुसता टाकलेला, कुठंही बांधलेला नाही.

नुसता टाकलेला दोर घसरत कसा नाही? भाऊच्या धक्क्यावर लाँच लागते तेव्हा खलाशी खांबाला दोराचे वेढे देतो आणि एकट्याच्या बळावर ती लाँच धरतो. प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते; अठराव्या शतकात ऑयलरनं हे गणित मांडलं. लिफ्टच्या पुलीवर जेमतेम अर्धा वेढा असतो, म्हणून तिच्या खाचा इंग्रजी व्हीसारख्या निमुळत्या करतात. दोर त्यात पाचरीसारखा रुततो आणि पकड सुमारे तिप्पट घर्षण असल्यासारखी होते. काउंटरवेटचं वजन रिकामी केबिन अधिक जवळपास निम्मा भार इतकं ठेवतात, त्यामुळं दोन्ही बाजूंच्या ओढीत फार तफावत पडतच नाही. आणि केबिन मर्यादेपलीकडे वर गेलीच, तर काउंटरवेट खाली टेकतं, त्या बाजूचा दोर ढिला पडतो, पुली जागच्या जागी फिरत राहते. या धोक्यापासूनची सुरक्षितता रचनेतच आहे. ड्रम मागं पडला तो यामुळं.

दोरावरून वय काढू नये, तो झिजला की बदलतातच. खाचा मोजाव्या. मेकॅनिकनं मेन स्विच बंद करून दिल्यावर मी पुलीच्या रिकाम्या भागावर व्हर्निअर लावला. माप अर्ध्या इंचाच्या दोराला जुळत होतं, म्हणजे १२.७ मिलिमीटर, १३ला नाही. इंचातली पुली, बहुधा मोटरच्या बरीच आधीची.

भिंतीवर फ्रेममध्ये लायसन्स होतं. लायसन्स हा सर्वांत सोपा पुरावा वाटतो, पण मुंबईत लिफ्टचा कायदाच आला १९३९ साली. त्याआधी बसलेल्या लिफ्टच्या लायसन्सवर तिचं खरं जन्मसाल सापडेलच असं नाही.

खाली येताना मेकॅनिकनं केबिन मधल्या मजल्यावर थांबवली आणि जाळीतून शाफ्टमध्ये टॉर्च मारला. काउंटरवेट आमच्यासमोर आलं होतं, बिडाच्या ठोकळ्यांची उभी थप्पी, ग्रीस आणि धुळीनं काळी. जाळीतून त्यानं लांब काठीला चिंधी बांधून एक ठोकळा पुसला. ओतीव अक्षरं उमटली: ५६ पौंड. निम्मा हंड्रेडवेट.

“हे कोण बदलणार, साहेब?” तो म्हणाला. “इथून काढायचं म्हणजे पाच माणसं लागतात.”

सोसायटीनं आता नव्या लिफ्टचं कोटेशन मागवलंय. मशिन, कंट्रोलर, केबिन, दरवाजे सगळं नवं. गाइड रेल आणि काउंटरवेटचे ठोकळे आहेत तेच वापरायचे. पितळी पट्टी भंगारात न देता जिन्याच्या भिंतीवर लावावी, असा अर्ज मी सेक्रेटरींकडे दिलाय. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर क्षमता लिहिलेली आहे: ६ व्यक्ती, ४०८ किलो.