दोन कशाभिका, एक लांबी

क्लॅमिडोमोनास हे साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत आढळणारं एकपेशीय हिरवं शैवाल. पुढच्या टोकाला दोन कशाभिका, प्रत्येकी १० ते १२ मायक्रोमीटर लांब. त्यांच्याच जोरावर ते पोहतं. त्या तुटल्या तर तास-दोन तासांत पुन्हा उगवतात आणि नेमक्या जुन्या लांबीला थांबतात. पेशीतलं अंगक केवढं असावं हे ठरतं कसं, या प्रश्नाचा शोध इथूनच घ्यावा असं मला वाटतं, कारण इथे मोजायची ती फक्त लांबी.

१९६९ मध्ये जोएल रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी दोहोंपैकी एकच कशाभिका तोडली. इतका देखणा प्रयोग पेशीविज्ञानात क्वचितच सापडेल. तुटलेली वाढू लागली, तशी शाबूत असलेली आखडू लागली. दोघी बरोबरीला आल्या आणि तिथून जोडीनं वाढत मूळ लांबीला पोचल्या. दोघींचा शिधा एकाच कोठारातला, हे उघड झालं. पण थांबायचं कुठे, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते मिळायला सूक्ष्मदर्शकाखालचं एक दृश्य कारणी लागलं. १९९३ मध्ये येल विद्यापीठात रोझेनबॉम यांच्याच प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की यांना कशाभिकेतून बारीक कण सतत टोकाकडे जाताना आणि परतताना दिसले. ही मालवाहतूक होती. पुढे २००० मध्ये याच वाहतुकीतलं एक जनुक उंदरांमधल्या मूत्रपिंडाच्या गाठींच्या विकाराशी जोडलेलं निघालं, आणि डबक्यातल्या शैवालाकडे वैद्यकाचंही लक्ष वळलं.

२००१ मध्ये वॉलेस मार्शल आणि रोझेनबॉम यांनी दाखवलं, की पूर्ण वाढलेली कशाभिकाही टोकाशी सतत झिजत असते. झीज लांबीवर अवलंबून नाही. भर मात्र लांबीबरोबर मंदावते. दोन्हींचा वेग जिथे सारखा होतो, तिथे वाढ थांबते. म्हणजे मोजपट्टी नसतानाही माप ठरू शकतं! लांबी वाढली की भर नेमकी का घटते, हा वाद त्यानंतरही चालत राहिला.

काही उत्परिवर्ती पेशींच्या कशाभिका जवळपास दुप्पट लांब होतात. अशा पेशीचा साध्या पेशीशी संयोग झाला, की जोडपेशीला काही काळ चार कशाभिका असतात: दोन लांबलचक, दोन नेहमीच्या. थोड्याच वेळात लांबलचक दोघी आखडत जातात आणि चौघी सारख्या होतात.