सहा महिन्यांचं प्रदर्शन आणि नऊशे वर्षांचा गड्डा

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी जपानमधल्या ओसाका शहरातलं जागतिक प्रदर्शन संपलं. समुद्रात भराव टाकून केलेल्या युमेशिमा बेटावर ते भरलं होतं. सहा महिन्यांत अडीच कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिलं. बहुतेक देशांच्या दालनांना वेढणारं, सुमारे दोन किलोमीटर परिघाचं लाकडी कडं हे त्याचं मुख्य आकर्षण होतं. प्रदर्शनाचे दरवाजे बंद झाले आणि अशा प्रत्येक प्रदर्शनानंतर यजमान शहरासमोर उभा राहतो तोच प्रश्न ओसाकासमोर आला : आता या जागेचं काय करायचं, आणि यातलं शहराकडे काय राहणार?

हा प्रश्न सोलापूरकरांनाही जवळचा वाटावा असा आहे. आपल्या शहरात दर जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, उभा राहतो आणि काही आठवड्यांनी तो मोडला जातो. जागतिक प्रदर्शनाशी त्याची तुलना करताना आकार बाजूला ठेवू. प्रश्न कार्यपद्धतीचा आहे. तात्पुरती उभी राहणारी गोष्ट शहराला कायमचं काही कशी देऊन जाते, हे समजून घ्यायचं असेल तर ओसाकाइतकाच सोलापूरचाही अभ्यास व्हायला हवा.

आधी जागतिक प्रदर्शनाची रीत पाहू. १९२८ साली पॅरिसमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ही प्रदर्शनं भरतात. मोठं प्रदर्शन पाच वर्षांतून एकदा होतं आणि ते सहा महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. यजमान शहर जागा, रस्ते, पाणी आणि वीज देतं. सहभागी देश आपापली दालनं बांधतात आणि प्रदर्शन संपलं की बहुतेक दालनं उतरवून जागा मोकळी करून द्यावी लागते. म्हणजे मोडणं हा योजनेचाच भाग असतो. जे टिकतं ते कुणीतरी ठरवून टिकवलेलं असतं.

याचं पहिलं मोठं उदाहरण या कराराच्याही आधीचं, १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचं. जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काच वापरून उभारलेला क्रिस्टल पॅलेस पाहायला सुमारे साठ लाख लोक आले. ती इमारत पुढे हाइड पार्कमधून सिडनहॅमला हलवली गेली आणि १९३६ साली आगीत जळून गेली. टिकले ते प्रदर्शनातून उरलेले १ लाख ८६ हजार पौंड. त्या पैशांतून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली गेली आणि तिथे संग्रहालयं व शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. नफ्याचं काय करायचं हे पाहणारं मंडळ विसर्जित न करता तसंच ठेवलं गेलं. ते आजही संशोधकांना शिष्यवृत्त्या देतं. पॅरिसची गोष्ट निराळी. १८८९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या आयफेल टॉवरला वीस वर्षांचाच परवाना होता. बिनतारी संदेशवहनासाठी तो उपयोगी ठरला, म्हणून पाडायचा राहिला.

महाराष्ट्रातही अशा प्रदर्शनांचा एक ठेवा आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलेल्या अनेकांना त्याची ही बाजू माहीत नसते. १८५१ चं लंडन आणि १८५५ चं पॅरिस, या दोन प्रदर्शनांसाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे आणि कच्च्या मालाचे नमुने गोळा झाले. त्या खटपटीतूनच मुंबईला स्वतःचं संग्रहालय हवं हा विचार पुढे आला. सुरुवातीला संग्रह कोटातल्या एका बराकीत ठेवला होता. १८५७ च्या धामधुमीत लष्कराने ती जागा परत घेतली आणि संग्रह उघड्यावर आला. त्यानंतर जॉर्ज बर्डवूड, डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट या मंडळींनी वर्गणी जमवली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७२ मध्ये आजची इमारत लोकांसाठी खुली झाली. प्रदर्शन भरलं युरोपात, पण त्याची शिल्लक मुंबईत राहिली, कारण इथल्या माणसांनी ती सोडली नाही.

या तीन उदाहरणांतून प्रत्येक वेळी तेच दिसतं. जागेचं काय करायचं, पैशाचं काय करायचं आणि पुढे सांभाळणार कोण, या तीन गोष्टी जिथे ठरतात तिथे वारसा राहतो. सोलापूरच्या यात्रेकडे आता याच नजरेने पाहू.

बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या गावात तलाव खोदवला, मंदिर उभारलं आणि पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली. त्यांनी कन्नडमध्ये वचनं लिहिली. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू त्यांचे समकालीन. यात्रेमागची आख्यायिका सोलापुरात लहान मुलांनाही ठाऊक असते. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरली. ते योगी असल्याने त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची परवानगी दिली. हाच विवाह दरवर्षी लागतो आणि योगदंडाच्या जागी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, असतात.

नंदीध्वज सात. उंची सुमारे ३० फूट. पहिल्या नंदीध्वजाचा मान हिरेहब्बू या मानकरी घराण्याकडे आहे. बाकीचे वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे आहेत आणि शेवटच्या दोन नंदीध्वजांचा मान मातंग समाजाचा. विवाहातल्या विधींत कुंभार समाजाचा मान वेगळा. मानाची ही वाटणी यात्रेच्या व्यवस्थेचा कणा आहे. कुठलं काम कुणाचं हे दरवर्षी नव्याने ठरवावं लागत नाही. जागतिक प्रदर्शनासाठी प्रत्येक वेळी नवं मंडळ नेमावं लागतं, त्याला शहर समजून घ्यावं लागतं आणि लंडनसारखा अपवाद सोडला तर प्रदर्शन संपलं की ते बरखास्त होतं. इथे काम घरात आणि वस्तीत वाटलेलं आहे, म्हणून ते पिढ्यांमागून पिढ्या चालत आलं आहे.

यात्रेचा क्रम असा. भोगीच्या सुमारास उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. याला यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी विजापूर वेस, पंचकट्टा या मार्गाने नंदीध्वज मंदिराजवळच्या संमती कट्ट्यापाशी येतात. तिथे संमती वाचन होऊन अक्षता पडतात. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले हजारो लोक तलावाकाठी, कट्ट्यांवर, जागा मिळेल तिथे उभे असतात. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमप्रदीपन, त्यानंतरच्या संध्याकाळी शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी.

नंदीध्वज पेलणं हे कौशल्य आहे. इतक्या उंच काठीचा तोल वरच्या टोकाला ठरतो. कमरेच्या पट्ट्यावर काठी तोलून धरणारा माणूस पुढे चालत असला तरी त्याचं सगळं लक्ष वर असतं. वारा आला की पावलं आपोआप त्या दिशेने सरकतात. आजूबाजूचे सोबती हात देण्याच्या तयारीत असतात, पण शक्यतो हात लावत नाहीत. होमाच्या दिवशी पहिल्या नंदीध्वजाला नागफणी बांधतात तेव्हा वरचं वजन वाढतं आणि तोल सांभाळणं अधिक अवघड होतं. यासाठी यात्रेच्या कित्येक आठवडे आधीपासून रात्री सराव चालतो. नवीन पोरं तिथे जुन्या माणसांच्या बाजूला चालत शिकतात. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. एक-दोन पिढ्या सराव थांबला तर ते परत मिळवता येणार नाही, आणि म्हणून यात्रेचा सगळ्यात मौल्यवान ठेवा मला हाच वाटतो.

शहराच्या रचनेवरही याचा ठसा आहे. ३० फुटी काठी ज्या रस्त्याने जाते तिथल्या विजेच्या तारा, केबल, फलक आणि झाडांच्या फांद्या यात्रेआधी बाजूला कराव्या लागतात. जानेवारी जवळ आला की मिरवणूक मार्गावरच्या खड्ड्यांची आणि अतिक्रमणांची चर्चा सुरू होते आणि अधिकारी मार्गाची पाहणी करतात. वर्षातून एकदा तरी जुन्या सोलापुरातले हे रस्ते सगळ्यांच्या नजरेखालून जातात. यजमान शहराला प्रदर्शनासाठी नवे रस्ते बांधावे लागतात, तर सोलापुरात यात्रेमुळे जुने रस्ते मोकळे राहतात.

होमाच्या रात्रीची भाकणूक हा माझ्या आवडीचा भाग. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. त्याच्यासमोर धान्य, गूळ, खोबरं, बोरं, गाजर, विड्याची पानं असं बरंच काही मांडतात. ते कशाला तोंड लावतं, कशाकडे पाठ फिरवतं, बिथरतं की शांत उभं राहतं, यावरून येत्या वर्षाचं पाऊसपाणी आणि बाजारातल्या भावांची तेजीमंदी सांगितली जाते. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्या मैदानात शेतकरी आणि व्यापारी एकाच गोष्टीकडे कान लावून उभे असतात, यातून ही यात्रा शेतीच्या बाजाराशी किती घट्ट बांधलेली आहे ते कळतं. विजापूर रस्त्यावर रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात भरणारा जनावरांचा बाजारही याच बांधणीतला. खिल्लार बैलांची पारख करणारी माणसं या बाजारासाठी लांबून येत आली आहेत.

आता गड्ड्याकडे. होम मैदान शहराच्या अगदी मध्यात आहे. एका बाजूला सिद्धेश्वर तलाव आणि मंदिर, जवळच भुईकोट किल्ला आणि पार्क मैदान. यात्रेच्या काळात हे मैदान देवस्थानच्या पंच कमिटीकडे येतं. गाळे आखले जातात, भाड्याने दिले जातात. पाळणे, मौत का कुआँ, खेळणी, बांगड्या, भांडी, भेळ, पापड असं सगळं उभं राहतं. गावोगावच्या जत्रा करत फिरणाऱ्या व्यावसायिकांसाठी सोलापूरचा गड्डा हा वर्षाचा मोठा हंगाम. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, त्यामागून आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर कुटुंबं येऊन स्थायिक झाली. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या या कामगार वस्त्यांना वर्षातून एकदा एकाच मैदानावर आणणारी जागा गड्डा हीच होती. माळावरच्या शेतकऱ्याची यात्रा गिरणी कामगाराचीही झाली ती अशी.

जानेवारीतच सोलापूरचा आणखी एक दिवस येतो. शहरात १९३० मध्ये लागू झालेल्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. म्हणजे यात्रेच्या तोंडावर. चार हुतात्म्यांना अभिवादन करून शहर यात्रेला लागतं. सोलापूरकराच्या मनात हे दोन प्रसंग एकाच आठवड्यात असतात.

मैदानाचा उपयोग यात्रेपुरता थांबलेला नाही. देवस्थानतर्फे डिसेंबरअखेरीस इथेच सिद्धेश्वर कृषी प्रदर्शन भरतं. ट्रॅक्टर, ठिबक सिंचनाचे संच, बियाणं, देशी जनावरं असं सगळं एका जागी पाहता येतं. प्रदर्शन या शब्दाच्या आजच्या अर्थाने पाहिलं तर सोलापूरचं प्रदर्शन हेच. आणि त्याला मैदान शोधावं लागलं नाही, कारण होमामुळे ते शिल्लक होतं.

या व्यवस्थेत ताणही आहेत. गड्ड्याच्या दिवसांत धूळ इतकी उडायची की आसपासच्या रहिवाशांना खोकला लागायचा. गर्दीत आग लागली किंवा चेंगराचेंगरी झाली तर रुग्णवाहिका आत कशी येणार, हा प्रश्न खरा होता. २०१६ च्या यात्रेआधी मैदानातल्या आपत्कालीन रस्त्यावरून प्रशासन आणि देवस्थान यांच्यात मोठा वाद झाला. माझ्या मते तो रस्ता गरजेचाच आहे. इतकी माणसं जमतात तिथे वाट मोकळी ठेवण्याने परंपरेला बाधा येत नाही. स्मार्ट सिटी योजनेतून पुढे मैदानाचं सुशोभीकरण झालं, फिरायला येणाऱ्यांची सोय झाली. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, गड्डा भरला नाही आणि विधी मोजक्या लोकांत झाले. ते वर्ष पाहिलेल्यांना कळलं की विधी चालू राहिले म्हणून गड्डा परत आला. क्रम उलटा असता, नुसता बाजार असता आणि तो बंद पडला असता, तर तो परत येण्याची खात्री कुणी दिली नसती.

लंडनला जे मंडळ नेमून साधलं ते सोलापुरात मानकऱ्यांच्या घरांतून आणि पंच कमिटीतून होतं. जमीन विकत घेऊन जे साधलं ते इथे मैदान रिकामं ठेवून होतं. पण यातलं मैदान हेच सगळ्यात नाजूक आहे. मान घराण्यांत आहे, सराव वस्त्यांत आहे, मैदान मात्र कागदावरच्या एका निर्णयाने जाऊ शकतं. शहराच्या मधोमध एवढी मोकळी जमीन दिसली की वाहनतळ, व्यापारी संकुल, कायमचे गाळे असे प्रस्ताव सुचणारच.

म्हणून सोलापूरकरांना आणि महापालिकेला विनंती आहे. होम मैदानावर कायमचं बांधकाम होऊ देऊ नका. झाडं कडेला लावा, धुळीचा बंदोबस्त करा, आपत्कालीन रस्ता पक्का ठेवा, पण मधली जमीन उघडी राहू द्या. नंदीध्वजांच्या सरावाचं आणि विधींचं चित्रीकरण, मानकऱ्यांच्या मुलाखती आणि दरवर्षीच्या गड्ड्याचा आराखडा जपून ठेवण्याचं काम शहरातल्या विद्यापीठाने आणि वाचनालयांनी हाती घ्यावं. ज्येष्ठ नंदीध्वजधारक आज बोलायला आहेत, तोवर हे काम सुरू व्हायला हवं.