फोकर ट्रायप्लेन घरी बांधताना

फोकर डीआर. १ हे पहिल्या महायुद्धातले, एकावर एक तीन पंख असलेले जर्मन लढाऊ विमान. १९१७-१८ मध्ये अशी ३२० विमाने तयार झाली. बर्लिनच्या एका संग्रहालयात जपलेले विमान दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेले आणि आज अस्सल विमान एकही उरलेले नाही. जी ट्रायप्लेन आज उडतात, त्या सगळ्या प्रतिकृती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच हौशी मंडळींनी घरीच बांधल्या आहेत.

हौशी कारागिराला हे विमान झेपते, कारण ते लहान आहे: पंखांचा विस्तार जेमतेम ७.१९ मीटर. शिवाय फोकर कारखान्याचा रचनाकार राइनहोल्ड प्लाट्झ मुळात वेल्डर होता. त्यामुळे धडाचा सांगाडा म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या पोलादी नळ्या. साध्या पोलादाऐवजी आता क्रोम-मॉलिब्डेनमचे मिश्रपोलाद वापरतात.

खरी कसोटी पंखांची. त्यांना बाहेरून तारांचा आधार नाही; सारा भार आतल्या पोकळ लाकडी स्पारवर, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईवर असतो. १९१७ च्या शरद ऋतूत काही विमानांचे पंख हवेतच मोडले आणि वैमानिक दगावले. निकृष्ट जोडकाम आणि आत शिरलेला ओलावा ही कारणे चौकशीत पुढे आली. म्हणून जाणता कारागीर चिकटवलेल्या लाकडाचा नमुना आधी मोडून पाहतो. लाकूड फाटले तर सांधा पक्का. चिकटलेली जागाच सुटली तर ते काम पुन्हा करायचे. इथे घाई जिवावर बेतते.

पंखाची मागची कड लाकडाची नसून तारेची असते. वर ताणलेले कापड आकसले की तार दोन फासळ्यांच्या मधे आत ओढली जाते आणि कडेला झालरीसारखी नक्षी उमटते. पूर्वी लिननच्या कापडावर डोप नावाचे रोगण फासून ते आकसवत. आता पॉलिएस्टर इस्त्रीने तापवतात.

इंजिनाचा प्रश्न अवघड. मूळच्या ११० अश्वशक्तीच्या रोटरी इंजिनात पंख्याबरोबर सगळे सिलिंडरही गरगर फिरत आणि वंगणाला एरंडेल तेल लागे. तशी इंजिने दुर्मीळ झाल्याने बहुतेक जण वॉर्नर किंवा लायकमिंग कंपनीचे स्थिर सिलिंडरांचे इंजिन बसवतात. नव्या इंजिनाचे वजन वेगळे पडते, त्यामुळे विमानाचा तोल नव्याने साधावा लागतो. शेपटीखालच्या घसरकाठीच्या जागी चाक लावतात, ब्रेकही देतात, कारण धावपट्टी आता बहुधा गवताची नसते.

या बदलांनी विमान सुरक्षित होते, दिसायलाही हुबेहूब राहते. पण फिरत्या इंजिनामुळे एका बाजूला वळताना नाक खाली आणि दुसऱ्या बाजूला वळताना वर जाई, तो स्वभाव मात्र नाहीसा होतो. मूळ विमान कसे उडे हे जाणून घ्यायचे असेल, तर रोटरी इंजिनाला पर्याय नाही.