जुन्नरची नाडी आणि बाळहिरडा

वनौषधींची नामरूपे शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे इतर लोक जाणतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. हे वचन आपण सर्वांनी महाविद्यालयात पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि नंतर औषधी द्रव्ये घाऊक दुकानातून मागवू लागलो. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. साताऱ्यास आम्ही चार वैद्य मिळून नित्याच्या वापराची काही औषधे तयार करतो. त्यांत बाळहिरडा पुष्कळ लागतो. तो येतो कोठून, हे एकदा डोळ्यांनी पाहावे आणि जमल्यास थेट खरेदीचे ठरवावे, या हेतूने गेल्या वैशाखात दोन दिवस जुन्नरला जाणे झाले. त्यापूर्वी हे गाव मी पाहिलेले नव्हते.

नारायणगावाहून एस. टी. पश्चिमेकडे वळली की थोड्याच वेळात शिवनेरीचा डोंगर समोर येतो आणि मग गावात कोठेही उभे राहिले तरी तो पाठ सोडत नाही. व्यापाऱ्याची भेट सायंकाळची ठरली होती, त्यामुळे दुपार मोकळी मिळाली. कामासाठी आलेल्या माणसाच्या वाट्याला गावाचे दर्शन येते ते असेच, दोन कामांच्या फटीतून. बाजारपेठेतून हिंडलो, जुने वाडे आणि मशिदी पाहिल्या, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेतले. मलिक अहमदाने १४९० मध्ये निजामशाहीची स्थापना येथेच केली. राजधानी पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास गेली आणि जुन्नर मागे राहिले.

परंतु हे गाव त्याहून फार जुने. कोकणातील बंदरांतून माल नाणेघाट चढून येई तो येथे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. तेथील दगडी रांजण जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता, असे लोक सांगतात. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांचे दाते केवळ राजे नव्हेत. धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणी त्यांत आहेत, तसे यवनही आहेत. आपल्या वाचकांना एका लेखाचे विशेष वाटेल. त्यात शेतजमिनीचे उत्पन्न एका श्रेणीकडे सोपवून करंज आणि वड लावण्याची व्यवस्था केल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोणी करंजाच्या लागवडीसाठी कायमचा निधी ठेवतो, हे वाचून आपल्या सभांमधील वृक्षारोपणाचे ठराव आठवल्यावाचून राहत नाहीत. असो.

माझ्याआधी एक वैद्य अशाच अल्प मुदतीच्या कामासाठी जुन्नरला येऊन गेला होता. त्याचे नाव जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा इंग्रज शल्यचिकित्सक १६७५ च्या उन्हाळ्यात मुंबईहून कल्याणमार्गे घाट चढून येथे आला. जुन्नर तेव्हा मोगलांकडे होते आणि तेथील मोगल अधिकाऱ्याने आपल्या घरातील रुग्णासाठी कंपनीकडे वैद्य मागितला होता. त्याचा प्रवासवृत्तांत १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यातील जुन्नरचा भाग प्रत्येक चिकित्सकाने वाचावा असा आहे.

रुग्ण जनानखान्यातील स्त्री होती. रेशमी पडद्यांनी झाकलेल्या पलंगापाशी फ्रायरला नेण्यात आले आणि पडद्याखालून हात घालून नाडी पाहण्यास सांगण्यात आले. त्याच्या हाती प्रथम एका निरोगी दासीचा हात देण्यात आला. त्याने नाडी पाहून या व्यक्तीला कोणताही रोग नाही असे सांगितले, तेव्हा कोठे खऱ्या रुग्णाचा क्षीण नाडीचा हात पुढे आला. वैद्याने तोंडातून शब्द काढण्याआधी हात पुढे करून स्वस्थ बसणारा, वैद्याचीच परीक्षा घेणारा रुग्ण आपल्या चिकित्सालयात आजही येतो. त्याची परंपरा किती जुनी आहे हे यावरून कळावे! नाडीपरीक्षा बृहत्त्रयीत नाही, शार्ङ्गधरापासून ती आपल्या ग्रंथांत आली, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. सतराव्या शतकातील जुन्नरमध्ये मात्र परदेशी वैद्याचीही पारख तिच्यावरूनच झाली.

नंतर दुसऱ्या एका बेगमेचे रक्तमोक्षण ठरले. खोलीभर आडवा पडदा बांधून त्याच्या छिद्रातून एक हात बाहेर काढण्यात आला. पाहण्यासाठी आतील स्त्रियांची एवढी गर्दी झाली की त्यांच्या भाराने पडदाच खाली आला. त्या पळाल्या नाहीत. तोंडावर हात धरून बोटांच्या फटीतून त्या वैद्याकडे पाहत राहिल्या. फ्रायरचे वेगळेपण असे की त्या क्षणी त्याने आणखीही काही टिपले. समोर सोललेले आंबे पडले होते, मुरंब्याची आणि लोणच्याची तयारी चालू होती, बाजूला भरतकाम होते. जनानखान्याविषयी युरोपात जी कल्पनाचित्रे रंगवली जात, त्यांच्या जागी त्याला कामात गढलेले एक घर दिसले.

तो शिवनेरीवरही जाऊन आला. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा साठा असल्याचे त्याने लिहिले आहे. याच गडावर १६३० मध्ये शिवराय जन्मले, आणि त्यांच्या हयातीत तो स्वराज्यात येऊ शकला नाही. परतताना फ्रायर नाणेघाटाने कोकणात उतरला.

माझे काम सायंकाळी अर्ध्या तासात झाले. गोदामात काळ्या, सुरकुतलेल्या बाळहिरड्याची पोती थप्पीने लावलेली होती. माल कोरडा होता, बुरशी नव्हती, भाव ठीक होता. व्यवहार तेथेच पुरा करून परतता आले असते. परंतु फ्रायरची ती दासी डोक्यातून जाईना. पोत्यातला हिरडा उत्तम होता, पण झाडाची अवस्था त्यावरून कळण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी घोडेगावमार्गे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात गेलो. डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने रस्ता आहुप्याकडे जातो. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव या जलाशयाखाली गेले. नाव तेवढे कागदोपत्री उरले आहे.

या पट्ट्यात आणि जुन्नरच्या पश्चिमेस महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. हिरड्याची झाडे काही मालकीच्या बांधावर, काही वनजमिनीवर. चैत्र-वैशाखात आठी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ उतरवायचे, अंगणात, खळ्यावर वाळवायचे, आणि वळवाचा पाऊस आला की धावत गोळा करायचे. भातापलीकडे रोख पैसा देणारे पीक म्हणजे हेच. आदिवासी विकास महामंडळाने येथे हिरड्याची खरेदी केलेली आहे, व्यापारीही घेतात. पूर्वी मिठामिरचीच्या बदल्यात हिरडा जाई, असे तेथील वृद्धांनी सांगितले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी या लोकांना पुढे अनेक वर्षे आंदोलने करावी लागली. त्या काळात आपण भाव वाढल्याची तक्रार करीत होतो, कारणाची चौकशी केल्याचे मला आठवत नाही.

भावप्रकाशकारांनी हरीतकीच्या सात जाती आणि त्यांचे देश सांगितले. विंध्य, हिमाचल, सिंध, सौराष्ट्र यांची नावे आहेत, सह्याद्रीचे नाही. श्रेष्ठ हरीतकीची लक्षणे मात्र स्पष्ट आहेत: स्निग्ध, घन, वजनदार, पाण्यात बुडणारी. ही लक्षणे पक्व फळाची होत. बाळहिरड्याचे स्थान वेगळे. एरंडतेलात परतून तो उत्तम अनुलोमक ठरतो, आणि ते स्थान मला नाकारायचे नाही. परंतु कातडी कमावण्याच्या आणि रंगाच्या धंद्यातही हिरड्याला मागणी आहे, आणि बाळहिरड्याचा भाव मोठ्या हिरड्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे फळ पिकेपर्यंत झाडावर राहत नाही. पिकलेच नाही तर बी कोठून पडणार? ज्या अंगणात बसलो होतो तेथून दिसणारी हिरड्याची सर्व झाडे जुनी, भक्कम बुंध्यांची होती. त्यांखाली एकही रोप मला दिसले नाही.

मी हे घरच्या आजींना बोलून दाखवले. त्या हिरडा पसरीत होत्या.

“आजी, दोन झाडं पिकू द्यायला काय हरकत आहे?”

“हरकत कशाची, डॉक्टर? पण मोठा हिरडा घेतंय कोण? पोतं भरून बाजारात न्यावं तर गाडीभाडं सुटत नाही. तुम्ही घेणार असाल तर सांगा, राखते दोन झाडं.”

त्यांनी झाडे दाखवली. एक बांधावरचे, एक ओढ्याकाठी. मार्गशीर्ष-पौषात फळ उतरेल. बाळहिरड्याने त्या झाडांचे जे पैसे झाले असते तेवढे आम्ही चौघांनी मिळून द्यायचे, आणि ओढ्याकाठच्या झाडाखाली पडेल ते फळ उचलायचे नाही, असे ठरले. जुन्नरच्या व्यापाऱ्याकडील पोती त्याच आठवड्यात साताऱ्यास पोहोचली. ज्या वैद्यमित्रांना पक्व हरीतकी हवी असेल त्यांनी आपली मागणी संघटनेच्या सभेत आश्विनापूर्वी नोंदवावी, म्हणजे आजींना आणखी झाडांविषयी विचारता येईल.