कावळा शहाणा निघाला

पावसात शेणाचं घर वाहून गेलेला काऊ आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा. गोष्टीत फजिती व्हायची ती त्याचीच!

पण १९८० साली अनंत पै यांनी मुंबईहून ‘टिंकल’ हे मुलांचे चित्रकथांचे नियतकालिक सुरू केले आणि त्यात कावळ्याचे नशीब पालटले. लुईस फर्नांडिस यांनी कालिया कावळ्याच्या गोष्टी रचल्या, प्रदीप साठे यांनी त्या चितारल्या. लबाड कोल्हा आणि डुबडुब मगर सशा-हरणांवर टपलेले असतात; कालिया युक्तीने त्यांचा बेत उधळून लावतो. बळ त्यांचे, डोके कावळ्याचे! कोल्ह्याचे पडलेले तोंड पाहून अक्षर न ओळखणारे पोरही खुदकन् हसते आणि मग काय लिहिले आहे ते वाचू पाहते.

म्हणून वाशिम, रिसोड, कारंज्याकडच्या गुरुजींनो, दप्तरात असे पुस्तक सापडले तर ओढून घेऊ नका. विचारा, “बरं, पुढं काय झालं रे?” ज्याला आपण मठ्ठ म्हणतो, तोच कदाचित पहिल्यांदा वर्गात तोंड उघडील. काऊसुद्धा शहाणा निघालाच की!