खातं उडवण्याआधी कुलूप लावा: कमांड लाइनवरून मेल सर्व्हर सांभाळताना



पीएचडीला प्रवेश मिळाला की गाइड फक्त संशोधनच करायला लावतील, असं वाटत असेल तर जरा थांबा. विभागातला सर्व्हर कुणालातरी सांभाळावा लागतो आणि तो 'कुणीतरी' बहुतेक वेळा सगळ्यात नवीन विद्यार्थी असतो. आमच्याकडे तो मी होतो. एमएस्सी फिजिक्समध्ये, लिनक्स जेमतेम येत होतं, आणि हातात आला एक छोटा मेल सर्व्हर.

दिवाळीच्या सुट्टीत नेकनूरला घरी आलो होतो. विभागातून फोन आला, "डिस्क भरत आलीय, पास होऊन गेलेल्यांची खाती काढून टाक." मोबाइलचं नेटवर्क एवढं कमी की वेबवरचं पॅनल उघडेना. पण एसएसएच लगेच जोडलं गेलं, कारण कमांड लाइनवर फक्त अक्षरं ये-जा करतात. गच्चीवर बसून पाच मिनिटांत सगळी जुनी खाती उडवली आणि फराळाला खाली आलो.

चार दिवसांनी एका सीनियर ताईंचा फोन आला. त्यांच्या पेपरवर रिव्ह्यूअरच्या दुरुस्त्या येणार होत्या आणि पत्ता विभागाचाच दिलेला होता. जर्नलचं पत्र '५५० ५.१.१' हा कोड घेऊन परत गेलं होतं. याचा अर्थ, या नावाचं इथे कुणी नाही. बॅकअपमधून जुने मेल मिळाले, शेवटच्या नऊ दिवसांचे गेलेच. संपादकांनी मुदत वाढवून दिली म्हणून निभावलं. चूक पूर्णपणे माझी होती. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितोय.

खातं म्हणजे नेमकं काय?

आमच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट आहेत. पोस्टफिक्स पत्र स्वीकारतं आणि पोचवतं. डोव्हकॉट तुम्हाला लॉगिन करू देतं आणि पत्रं दाखवतं. लहान सर्व्हरवर मेलचं खातं म्हणजे लिनक्सचाच एक यूजर. त्याचे चार भाग समजून घ्या:

१. 'पासडब्ल्यूडी' फाइलमधली एक ओळ. तिच्यात नाव, यूजरचा क्रमांक, होम फोल्डर वगैरे सात रकाने असतात.
२. 'शॅडो' फाइलमधली एक ओळ. इथे पासवर्ड नसतो, त्याचा हॅश असतो. म्हणून ॲडमिनलासुद्धा तुमचा पासवर्ड वाचता येत नाही, फक्त बदलता येतो.
३. पत्रांचा फोल्डर. मेलडिर पद्धतीत त्यात 'न्यू', 'कर' आणि 'टेम्प' असे तीन उपफोल्डर असतात आणि प्रत्येक पत्र ही एक वेगळी फाइल असते.
४. 'एलियासेस' फाइलमधली ओळ, असली तर. या नावाचं पत्र त्या पत्त्यावर पाठवा, एवढंच ती सांगते.

खाती हजारोंनी असली तर प्रत्येकासाठी लिनक्सचा यूजर करत नाहीत. नावं डेटाबेसमध्ये ठेवतात आणि सगळी पत्रं एकाच यूजरच्या मालकीची असतात. विचार मात्र हाच.

रोजची कामं

(कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

नवीन खात्यासाठी 'यूजरॲड'. शेल म्हणून 'नोलॉगिन' द्या. ज्याला फक्त मेल हवाय त्याला सर्व्हरवर कमांड चालवायची गरज नसते. मग 'पासडब्ल्यूडी' ही कमांड पासवर्ड विचारते, तेव्हा तो टाका. पासवर्ड कमांडच्याच ओळीत लिहू नका, तो हिस्टरीत राहतो आणि दुसऱ्या यूजरला चालू प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतो. कोण किती जागा वापरतंय हे 'डीयू'ने कळतं. डिस्क भरली की आधी हे बघायचं असतं. मी ते बघितलंच नव्हतं.

कुलूप, पाटी आणि मग शेवट

माझी कमांड होती 'यूजरडेल', सोबत 'डॅश आर'. हा एक 'आर' होम फोल्डर आणि मेलची पेटीही घेऊन जातो. ती विचारत नाही, सांगतही नाही.

गावात एखादं कुटुंब पुण्याला गेलं तर आपण लगेच घर पाडत नाही. कुलूप लावतो आणि पोस्टमनला सांगून ठेवतो, यांची पत्रं काकांकडे द्या. इथेही तोच क्रम ठेवा.

आधी कुलूप: 'यूजरमॉड' सोबत 'डॅश एल'. पासवर्ड चालेनासा होतो. पण लक्षात घ्या, पत्रं येतच राहतात, फक्त मालकाला उघडता येत नाहीत. एसएसएचची किल्ली आधीच ठेवलेली असेल तर ती या कुलपाने अडत नाही, त्यासाठी खात्याची मुदत संपवावी लागते. आधीच सुरू असलेलं मेलचं सेशन तोडायला 'डोव्हॲडम किक' आहे.

मग पाटी: एलियासेस फाइलमध्ये नवा पत्ता लिहा आणि 'न्यूएलियासेस' चालवा. पुढे खातं काढलं तरी ही ओळ असेपर्यंत पत्र नव्या पत्त्यावर जातं. असं पुढे पाठवलेलं पत्र कधीकधी स्पॅममध्ये पडतं, तेही त्या माणसाला सांगून ठेवा.

शेवटी, फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन, ती उघडून बघून, मालकाला विचारून, खातं काढा.

अजून एक खड्डा. लिनक्स फाइलचा मालक नावाने नाही, क्रमांकाने ओळखतो. सगळ्यात मोठ्या क्रमांकाचा यूजर काढला आणि नवा केला, तर तोच क्रमांक नव्याला मिळू शकतो. मग जुन्याच्या इकडेतिकडे राहिलेल्या फाइली आपोआप नव्याच्या होतात. म्हणून काढण्याआधी 'फाइंड'ने त्या क्रमांकाच्या फाइली शोधा.

आणि तुम्ही ॲडमिन नसाल तर?

भारतात ई-मेल आला तोच संशोधकांमुळे. १९८६ साली अर्नेट प्रकल्प सुरू झाला. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी टेलिफोनच्या लाइनवरून एकमेकांना मेल पाठवू लागल्या. सामान्य लोकांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हापासून आजपर्यंत संस्थेचा पत्ता ही संशोधकाची ओळख आहे. पण ती ओळख उसनी असते. पेपर वीस वर्षं वाचला जातो, संस्थेतलं तुमचं खातं मात्र पदवीनंतर कधीही जाऊ शकतं.

म्हणून तीन गोष्टी आजच करा. ओआरसीआयडी काढा. तो सोळा अंकांचा क्रमांक संस्था बदलली तरी बदलत नाही, आणि त्यात स्वतःचा खासगी पत्ताही जोडून ठेवा. जर्नलच्या पोर्टलवर दुसरा ई-मेल देता येत असेल तर द्या. आणि विभाग सोडण्याआधी सर्व्हर सांभाळणाऱ्या पोराला भेटून एलियासची ओळ लिहून घ्या.

त्या ताईंचा एलियास आता आमच्या सर्व्हरवर आहे. खाती काढायची यादी आली की मी आधी प्रत्येकाला फोन करतो. अर्धा दिवस जातो, पण जाऊ दे.

पुढच्या लेखात बॅकअप परत उघडून कसा तपासायचा ते बघू. तोवर 'डॅश आर' जपून.